वृद्धाश्रमात सणाची सजावट: महालक्ष्म्यांपासून येळवशीपर्यंत

वृद्धाश्रमातली सजावट बहुतेक वेळा आल्या-गेल्याच्या नजरेनं होते. फाटकावर कमान, छताला झिरमिळ्या, दारात मोठी रांगोळी. पाहुणा उभ्यानं बघतो, फोटो काढतो आणि जातो. तिथं राहणारी माणसं मात्र दिवसाचा बराच वेळ खुर्चीत नाहीतर पलंगावर असतात. त्यांच्या वाट्याला येते ती छताची झालर, आणि ती बघायला मान मागं टाकावी लागते. उतारवयात मान मागं टाकली की अनेकांना चक्कर येते.

म्हणून सामान आणायच्या आधी एक काम करा. प्लास्टिकची खुर्ची घेऊन हॉलमध्ये, जेवणघरात आणि व्हरांड्यात आळीपाळीनं बसा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन ते चार फुटांवर येतात. समोरच्या भिंतीवर अडीच फुटांपासून पाच फुटांपर्यंत खडूनं दोन बारीक रेघा ओढा. मुख्य सजावट त्या पट्ट्यात करायची. भिंतीलगतचा धरायचा कठडा बहुधा याच पट्ट्यात, अडीच-तीन फुटांवर असतो. तो पूर्ण मोकळा ठेवा. त्यावर माळ गुंडाळलेली असली की माणूस धरायला बिचकतो किंवा माळेसकट धरतो, आणि हात सटकतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पायथ्याकडची भिंत वापरा. डोक्यावर काही टांगू नका, ते सुटून तोंडावर पडायची भीती असते आणि निजलेल्याला तो लोंबता भार नकोसाही होतो.

आधी विचारायचं

सणाच्या पंधरा दिवस आधी चहाच्या वेळी सगळ्यांसोबत बसा. "काय करू या?" असं मोघम विचारलं तर "तुम्ही म्हणाल ते" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. तुमच्या घरी महालक्ष्म्या उभ्या होत्या की खड्यांच्या? दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी (छोट्या मूर्ती) कोण घालायचं? आकाशकंदील कामट्यांचा असायचा का? अशा प्रश्नांवर माणसं बोलती होतात, आणि कामाची वाटणी तिथंच होऊन जाते. कुणी पूर्वी शिवणकाम केलेलं असतं, कुणी भजनी मंडळाचा देखावा उभा केलेला असतो, कुणाचा अक्षरावर हात बसलेला असतो.

दोन गोष्टी मात्र एकेकट्याला विचारा. पहिली, घरात वर्षभरात कुणी गेलं आहे का. दुखवट्याच्या वर्षात अनेक जण सण करत नाहीत, त्यांच्या खोलीच्या दाराला तोरण लावलं तर मनाला लागतं. दुसरी, सण त्यांचा आहे का. मराठवाड्यातल्या आश्रमात हिंदू, बौद्ध, मुस्लीम, ख्रिस्ती सगळे एका पंगतीला जेवतात. ईदला, 14 एप्रिलला, नाताळाला त्यांच्या दाराशी तेवढ्याच मनापासून सजावट झाली पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीलाच ही यादी करून ठेवा. 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिनही तिच्यात असू द्या. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा लहान असलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

रंग आणि उजेड

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि आत कमी उजेड पोचतो. निळा, जांभळा आणि हिरवा हे रंग एकमेकांत मिसळून दिसतात. फिकट गुलाबी भिंतीवर फिकट पिवळी झालर तर दिसतच नाही. लाल, केशरी आणि पिवळा हे रंग सर्वांत भरवशाचे, आणि झेंडू-कुंकवामुळे ते आपल्याकडे आधीच आहेत. नियम सोपा आहे: फिकट भिंतीवर गडद वस्तू, गडद पाटावर पांढरी रांगोळी. गेरूनं सारवलेल्या पाटावरची पांढरी रेघ मोतीबिंदू असलेल्यालाही सापडते.

चकाकणारा कागद आणि आरसेकाम टाळा. गुळगुळीत फरशीवर त्याची तिरीप पडते, आणि त्या ठिकाणी पाणी सांडलंय असं वाटून माणूस पाऊल अडखळत टाकतो. थर्माकोलचा तर विचारच नको. महाराष्ट्रात 2018 पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे.

महालक्ष्म्या

भाद्रपदात महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन, म्हणजे तीन दिवसांचा मुक्काम. मराठवाड्यात बहुतेक घरी पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे ठेवून उभ्या महालक्ष्म्या बसवतात, पुढ्यात लेकरं असतात. आश्रमात बसवायच्या तर असं करा.

जागा हॉलच्या कोपऱ्यात घ्या, पाठीला भक्कम भिंत असावी. समोर किमान पाच फूट मोकळं ठेवा, कारण व्हीलचेअर वळवायला तेवढी जागा लागते. ती वळली नाही तर माणूस दर्शन घेऊन उलटा मागं ओढत न्यावा लागतो, आणि ते कुणालाच आवडत नाही. कोठ्या चौरंगावर ठेवून प्रत्येकीत आठ-दहा किलो गहू किंवा ज्वारी भरा. धान्य भरायची रीतही पाळली जाते आणि कोठीला बूडही येतं. तरीही गळ्याशी सुतळी बांधून ती भिंतीतल्या हुकाला अडकवा. साडीखाली ती दिसत नाही. पाया पडताना आधारासाठी हात चौरंगावर किंवा सरळ महालक्ष्मीवर टेकला जातो. रिकामी, न बांधलेली कोठी तेवढ्यानं कलंडते.

साडी नेसवायचं काम आज्यांचंच. पण उभं राहून, वाकून निऱ्या घालणं त्यांना झेपत नाही. साडी टेबलावर पसरा, दोघी-तिघींनी बसूनच निऱ्या घालाव्यात आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून त्या पक्क्या कराव्यात. मग कार्यकर्त्यानं त्या तशाच उचलून कोठीला बांधाव्यात. कोठीला आधी जुना सुती परकर घालून घ्या, नाहीतर रेशमी साडी पत्र्यावरून सरकते आणि रात्रीतून निऱ्या खाली येतात. टाचण्या मोजून द्या, मोजून परत घ्या. मुखवटे सगळ्यात शेवटी ठेवा.

समई कुठं ठेवायची यावर अपघात होणं-न होणं अवलंबून असतं. ती पुढ्यात मध्यभागी ठेवली की हळद-कुंकू वाहताना प्रत्येक बाई तिच्यावरून हात नेते आणि पदर ज्योतीवरून जातो. समई बाजूला, हात पोचणार नाही इतकी लांब आणि साड्यांपासून किमान तीन फुटांवर ठेवा. अखंड दिवा ठेवायचाच असेल तर तो काचेच्या चिमणीत असावा आणि रात्री कुणीतरी जागं असावं. फुलोरा टांगत असाल तर लाकडी चौकटीला टांगा. करंज्या-पापड्या येण्या-जाण्याच्या वाटेवर लोंबू देऊ नका.

दारापासून पावलं काढताना ओल्या कुंकवाचा चिखल करू नका. तांदळाच्या पिठात थोडं पाणी घालून दाटसर कालवा, त्यात मूठ बुडवून ठसे उमटवा. ते वाळून फरशीला चिकटतात. हे ठसे वाटेच्या एका कडेला घ्या. चालणाऱ्याला, विशेषतः विसरभोळेपणाचा आजार असलेल्याला, पायाखाली नक्षी आली की ती ओलांडावीशी वाटते आणि तोल जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आश्रमातल्या बऱ्याच बायका विधवा असतात. हळद-कुंकवाच्या वेळी त्या आपण होऊन मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. ज्या बाईनं आयुष्यभर घरच्या महालक्ष्म्या बसवल्या, तिला केवळ नवरा गेला म्हणून सजावटीपासून बाजूला ठेवणं हा अन्याय आहे, आणि आश्रमानं तो घरून चालत आलेला म्हणून पुढं चालवू नये. आदल्या दिवशी एकटीला गाठून विचारा, "माय, मुखवट्याला काजळ-कुंकू तुमच्या हातानं करता का?" नको म्हणाली तर आग्रह करू नका, पण विचारायचं चुकवू नका.

तोरण

मध्यम आकाराची झेंडूची फुलं किलोत साधारण शंभराच्या आसपास बसतात. चार फुटी दाराला झोळासकट पाच फुटांचं तोरण लागतं. त्याला पन्नासेक फुलं आणि दहा-बारा आंब्याची पानं पुरतात. म्हणजे दाराला अर्धा किलो. दहा दारं असतील तर सहा किलो आणा, कारण थोडी फुलं खराब निघतातच. दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवशी बाजारात भाव कडाडतो आणि फूलही दमट, दडपलेलं येतं. लातूरची गंजगोलाई असो की संभाजीनगरची गुलमंडी, दोन दिवस आधी सकाळी आणलेली फुलं ओल्या गोणपाटाखाली सावलीत चांगली राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर घाम सुटून देठाकडून काळी पडतात.

ओवण्याचं काम वाटताना औषधं लक्षात ठेवा. जुना मधुमेह असलेल्यांना बोटाला सुई टोचलेली कळत नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. अशांसाठी कार्यकर्त्यानं दाभणानं फुलांना आधीच भोकं पाडून द्यावीत. मग सुईऐवजी टोक दुमडलेल्या बोथट तारेला दोरा बांधून ओवता येतं. हात कापत असेल त्याला पानं पुसायला, देठ खुडायला, पाच-पाच फुलांचे ढीग लावायला द्या. दर पाच फुलांनंतर एक पान असा हिशेब ठेवला की दिसायला कमी असणाराही न चुकता ओवतो.

काम सकाळी न्याहारी आणि गोळ्या झाल्यावर दहाच्या सुमारास घ्या, अर्धा-पाऊण तास पुरे. संध्याकाळी दिवेलागणीला स्मृतिभ्रंश असलेली माणसं जास्त अस्वस्थ होतात. तेव्हा पसारा काढू नका. तोरण लावण्याआधी बाहेर नेऊन झटका. ओल्या तोरणातून ठिपकलेलं पाणी आणि गळलेल्या पाकळ्या दाराच्या उंबऱ्यातच साचतात, आणि पाय तिथंच सटकतो. शिडीवर किंवा स्टुलावर कुणाही आजोबांना चढू देऊ नका, "मला सवय आहे" म्हणाले तरी. लावालावी दुपारी सगळे आडवे झाल्यावर करा.

रांगोळी टेबलावर

रांगोळीची पूड म्हणजे दगडाचं पीठ. गुळगुळीत फरशीवर त्यावर पाय पडला की माणूस घसरलाच. फाटकाबाहेर, चालण्याच्या वाटेपासून बाजूला, एक मोठी रांगोळी काढा. बाकी सगळ्या उंचीवर काढा. अडीच फूट उंचीच्या टेबलावर गेरूनं रंगवलेले पाट मांडा, टेबलाखाली गुडघे आणि चाकाची खुर्ची शिरेल अशी जागा ठेवा. चिमटीत पूड धरवत नसेल तर जाड रंगकामाचा ब्रश द्या आणि त्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून मूठ जाड करा. पुडीऐवजी तांदळाच्या पिठाचं पाणी वापरलं की खोकलाही होत नाही.

धान्याची रांगोळी आम्हाला त्याहून बरी वाटते, कारण ज्वारी, तूर, हरभरा, मूग, करडई हे दाणे इथल्या हातांच्या ओळखीचे आहेत. नजर गेलेला शेतकरीही बोटांनी दाणा ओळखतो आणि जागेवर लावतो. दोन फुटी गोल ट्रेला सगळं धान्य मिळून साधारण एक किलो लागतं. ट्रेला कड हवी, नाहीतर दाणे फरशीवर येतात आणि मग पुडीपेक्षाही वाईट. डिंक लावू नका, म्हणजे सण झाल्यावर धान्य पाखरांना घालता येतं. मणी, टिकल्या, खोटी फळं मात्र स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाती नकोत, ती तोंडात जातात. त्याऐवजी टोपलीत खरी सीताफळं ठेवा. दिवाळीच्या आसपास बाजारात ती असतातच.

शेणाच्या गवळणीही याच टेबलावर होतात. शेण नको वाटत असेल तर शाडू किंवा काळी माती मळून घ्या. बोटांना व्यायाम होतो आणि गोकुळ जमवताना गप्पांना अंत नसतो.

दिवाळीचे दिवे

नवी पणती चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा आणि वाळवून घ्या. कोरडी पणती तेल पिते, तळाशी ओघळते, आणि तेलकट फरशी पुसून-पुसूनही घसरडी राहते. पणत्या जमिनीवर ओळीनं मांडू नका. परातीत दोन बोटं वाळू पसरून तिच्यात रोवा, परात टेबलावर ठेवा. पणतीत दोन-तीन चमचे तेल पुरे. ती तासा-दोन तासांनी आपोआप शांत होईल असाच हिशेब हवा. जवळ पाण्याची एक आणि वाळूची एक बादली ठेवा. ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर ज्या खोलीत आहे तिथं ज्योत, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचं नाही. तिथं सेलवरचे दिवे लावा. कापूर कुलपात ठेवा. बत्तासा किंवा खडीसाखर समजून तो तोंडात टाकला जातो आणि तो विषारी असतो.

विजेच्या माळा घेताना लुकलुकणाऱ्या घेऊ नका. डोळ्यांना त्रास होतो आणि गोंधळलेलं माणूस आणखी गोंधळतं. बटण दाबून स्थिर करता येणाऱ्या माळेचीही एक खोड आहे: वीज जाऊन आली की बरेचदा ती परत लुकलुकायला लागते. आपल्याकडे वीज जाते-येतेच, म्हणून साध्या, पिवळसर, एकसारख्या उजेडाच्या, भारतीय मानक (बीआयएस) खुणेच्या माळा घ्या. त्या इन्व्हर्टरवर जोडू नका. इन्व्हर्टर संडास-बाथरूमच्या वाटेवरच्या दिव्यांसाठी आणि उपकरणांसाठी आहे. वायर वाटेवरून किंवा सतरंजीखालून नेऊ नका, भिंतीच्या कडेनं चिकटपट्टीनं बसवा. एका बोर्डावर दुसरा बोर्ड, त्यावर तिसरा असं लावू नका.

कंदिलाच्या कामट्या कार्यकर्त्यांनी बांधाव्यात, पतंगी कागद आजोबांनी चिकटवावा. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मंद आचेवर शिजवली की खळ तयार. आत पाच वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. जुन्या पिवळ्या बल्बनं कागद तापतो. एक कंदील फाटकावर आणि एक व्हरांड्यात खाली, बसल्या जागेवरून दिसेल असा. फटाक्यांच्या वेळी खिडक्या लावून घ्या आणि कानाला यंत्र असलेल्यांना ते थोडा वेळ काढायला किंवा कमी करायला आठवण करा.

वाट आणि ओळख

सगळ्या दारांना एकसारखं तोरण लावलं की विसरभोळ्या माणसाला आपली खोली सापडत नाही. प्रत्येक दाराला त्या माणसाची एक वेगळी खूण राहू द्या: कुणाची टोपी, कुणाच्या हातची क्रोशाची पट्टी, मोठ्या अक्षरात नाव. संडास-बाथरूमच्या पाट्या झाकू नका. काळी किंवा गडद सतरंजी वाटेवर घालू नका, स्मृतिभ्रंश असलेल्याला ती खड्ड्यासारखी दिसते. आणि सगळी सजावट एका रात्रीत उभी करू नका. दोन-तीन दिवसांत, त्यांच्या डोळ्यांसमोर ती वाढू द्या.

येळवस

लातूर-धाराशिवकडच्या माणसांना मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला (वेळ अमावस्येला), शेत आठवतंच; त्या दिवशी शेतात पूजा करून तिथंच जेवायची रीत आहे. आश्रमाच्या मोकळ्या अंगणात कडब्याच्या पाच-सहा पेंढ्यांची लहानशी कोप, म्हणजे खोपटं, उभी करा. पेंढ्यांचे शेंडे वर एकत्र बांधून बुडखे पसरायचे, एवढंच. पुढच्या बाजूला खुर्ची सहज पोचेल इतकी वाट ठेवा आणि आत पांडव म्हणून पुजायचे पाच दगड मांडायला जाणत्यालाच सांगा. कडबा पेट घेतो, म्हणून दिवा कोपीबाहेर दहा फुटांवर. आंबील (ताकातलं ज्वारीचं पेय) आणि भज्जी (मिसळ भाजी) तिथंच, उन्हात वाढा.

उतरवताना

सुकलेली तोरणं लवकर पेटतात, ती तिसऱ्या दिवशी काढून खताच्या खड्ड्यात टाका. कंदील कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राहिला तरी चालेल. आवराआवरही सांगून, दोन दिवसांत करा. सकाळी उठून भिंती रिकाम्या दिसल्या की काही जण दिवसभर बेचैन राहतात. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून त्यावर कुठल्या भिंतीची ते लिहा. कोठ्यांतलं धान्य पाखडून स्वयंपाकघरात द्या, साड्यांची टाचणी राहिली नाही ना ते हातानं चाचपून मगच घड्या घाला.